ओसरते जिल्हे, तुंबलेले जिल्हे

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवरून ११ कोटी २३ लाखांवर गेली. म्हणजे जवळपास १६ टक्के वाढली. सरकारी अहवालांत आणि अर्थसंकल्पी भाषणांत हाच आकडा वर्षानुवर्षे फिरतो आहे. पण त्या सरासरीच्या आसपास वाढलेले जिल्हे मोजकेच होते. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, पुणे ३० टक्क्यांनी, आजचे छत्रपती संभाजीनगर जवळपास २८ टक्क्यांनी. वर्धा आणि भंडारा पाच-साडेपाच टक्क्यांवर रेंगाळले. आणि तीन जिल्ह्यांत दहा वर्षांपूर्वी होती त्याहून कमी माणसे उरली. रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी आणि मुंबई शहर जिल्ह्याची तब्बल साडेसात टक्क्यांनी.

त्यानंतर आपण मोजणीच केलेली नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. सोळा वर्षांनी आकडे येतील तेव्हा सर्वांचे लक्ष राज्याच्या एकूण बेरजेकडे आणि जातनिहाय रकान्यांकडे लागलेले असेल, हे उघड आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांतली, त्याहीपेक्षा तालुक्या-तालुक्यांतली तफावत मात्र त्या गलक्यात मागे पडू नये. पैसा, दवाखाने, शिक्षक, रेशन आणि आमदार यांची वाटणी कुठे ना कुठे डोकी मोजूनच होते. माणसे ज्या वेगाने जागा बदलत आहेत, त्या वेगाने ही वाटणी बदलत नाही. आणि बदलते तेव्हा ती फक्त डोक्यांकडे पाहते. ती डोकी कोणत्या वयाची आहेत, किती लांब-लांब विखुरली आहेत, वर्षातले किती महिने तिथे असतात, हे पाहत नाही. महाराष्ट्राच्या असमतोलाची चर्चा या मुद्द्यावर यायला हवी, असे आमचे मत आहे.

आधी वाढीचे वाटप पाहू. त्या दशकात राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख माणसांची भर पडली. त्यातली ५१ लाखांहून अधिक, म्हणजे तिसरा हिस्सा, ठाणे आणि पुणे या दोनच जिल्ह्यांत होती. एकट्या ठाणे जिल्ह्यात २९ लाख माणसे वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची मिळून २०११ ची लोकसंख्या २४ लाख ६५ हजार होती. म्हणजे तळकोकणात जेवढी माणसे राहतात त्याहून जास्त माणसे ठाण्याने दहा वर्षांत सामावून घेतली. १ कोटी १० लाख वस्तीचा ठाणे हा तेव्हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला.

ओसरलेले तीन जिल्हे आणि तुंबलेला एक जिल्हा यांच्या कहाण्या वेगवेगळ्या नाहीत. रत्नागिरी, मुंबईतले गिरणगाव आणि ठाणे ही एकाच वाटेवरची तीन ठाणी आहेत.

कोकणातला तरुण मुंबईला जायचा, तो गिरणीत किंवा गोदीत लागायचा. लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाची खोली असे. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-वीस जण, भिंतीला रांगेने टेकवलेल्या पत्र्याच्या ट्रंका आणि जेवायला जवळची खानावळ. बायको-मुले गावी. महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला घरी फेरी. रत्नागिरी हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा आहे असे म्हटले जायचे ते यामुळे. तेव्हा माणूस मुंबईत कमवत असला तरी कुटुंबाचा मुक्काम कोकणात होता. शाळेत मुले होती, शेतात भात होता, घरात सून होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी त्या खात्यांत उभे राहिले नाहीत. पुढच्या दोन दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. चाळीतली दहा बाय बाराची खोली विकून येणाऱ्या पैशांत भावांच्या वाटण्या झाल्या आणि प्रत्येकाने डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे घर घेतले. हे सारे भाग २०११ मध्ये ठाणे जिल्ह्यात होते. बेट-मुंबईतली राहती घरे कचेऱ्या आणि दुकानांना गेली आणि उरलेल्या घरांच्या किमती पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या. १९७१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख ७० हजार होती आणि २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. मधल्या चाळीस वर्षांत राज्य दुपटीहून मोठे झाले, पण राज्याची राजधानी वसलेला हा जिल्हा फिरून जवळपास होता त्याच आकड्यावर आला. तरीही रोज सकाळी चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारी गर्दी कमी झाली नाही. ती रात्री झोपते दुसऱ्या जिल्ह्यात, आणि जनगणना माणसाची नोंद घेते ती तो राहतो तिथे.

नव्या घरांमुळे एक बदल असा झाला की कुटुंब एकत्र आले. चाळीतल्या गावाच्या खोलीत बायको-मुलांना आणणे शक्य नव्हते. नालासोपाऱ्यातल्या एका खोलीच्या घरात ते शक्य झाले. हा बदल आकड्यांत स्वच्छ दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यात १९९१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,२०५ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये १,१३६ आणि २०११ मध्ये १,१२२. सिंधुदुर्गात २००१ चे १,०७९ हे प्रमाण दहा वर्षांत १,०३६ वर आले. राज्याचे प्रमाण ९२९ असताना हे आकडे अजूनही फार वर आहेत आणि स्त्रियांच्या सन्मानाचे लक्षण म्हणून भाषणांत त्यांचा उल्लेख होतो. पण ते प्रामुख्याने पुरुष बाहेर असल्याचे लक्षण आहे. आणि ते उतरते आहे याचा एक मोठा अर्थ असा, की आता पुरुषामागोमाग बाईही निघाली. एकटा चाकरमानी गेला की गाव अर्धे राहते. कुटुंब गेले की घराला कुलूप लागते.

लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली याचा अर्थ तेवढीच माणसे गेली असाही नाही. त्या दहा वर्षांत रत्नागिरीत जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच झाले होते. ती नैसर्गिक भर पुसून टाकून वर आणखी ८१ हजारांची घट दिसली. तेव्हा प्रत्यक्षात बाहेर गेलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी असणार. आणि जाणारे बहुतेक वीस ते पस्तीस वयाचे. ज्यांच्या घरी मुले जन्माला यायची तेच गेले म्हणजे पुढच्या दशकातली घट आधीच ठरून जाते.

संगमेश्वर, लांजा किंवा राजापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पावसाळा संपल्यावर गेले तर हे डोळ्यांना दिसते. पंधरा-वीस घरांपैकी निम्म्यांना कुलूप असते. चाव्या वाडीतल्याच एखाद्या काकींकडे; चार घरांच्या अंगणातला पाचोळा काढायचा, गणपतीआधी कौले नीट आहेत ना ते पाहायचे आणि मुंबईला फोन करायचा, हे त्यांचे काम. शिमग्याला पालखी नाचवायला खांदे कमी पडतात म्हणून मुंबई मंडळाला तारखा आधी कळवल्या जातात. भाताचे मळे ओस पडले आहेत, कारण लावणीला माणूस नाही आणि माकडे-रानडुकरे राखायलाही नाही. आंब्याच्या बागा मात्र चालू आहेत. त्या राखायला आणि मच्छीमार बोटींवर राबायला नेपाळहून आलेले कामगार असतात. म्हणजे जिल्ह्यात काम अजिबातच नाही असे म्हणता येत नाही. काम आहे ते हंगामी आहे, बारावी-पदवी झालेल्या मुलाला त्यात पुढची वाट दिसत नाही, आणि त्या कामावर लग्न जमत नाही. हे शेवटचे कारण सरकारी अहवालांत सापडत नाही, पण गावात विचारले तर पहिल्यांदा तेच सांगितले जाते.

लोकसंख्या कमी होणे ही आपत्तीच आहे असे आम्ही मानत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ वर आला आहे. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो २.१ लागतो. आज ना उद्या साऱ्या राज्यालाच या वळणावरून जायचे आहे. मुली शिकल्या, घरातली मुले दोनवर आली, बालमृत्यू घटले, याचे हे फळ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिथे इतरांच्या आधी पोचले एवढेच. प्रश्न आहे तो राज्यव्यवस्थेच्या तयारीचा. वाढणाऱ्या वस्तीला शाळा-दवाखाने कसे द्यायचे याचे निकष आपल्याकडे सत्तर वर्षांचे आहेत. घटणाऱ्या आणि म्हाताऱ्या होत जाणाऱ्या वस्तीला ते कसे द्यायचे याचा मात्र आपण विचारच केलेला नाही.

शाळांचेच पाहा. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांची संख्या सुमारे पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. २०२३ मध्ये या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला आणि त्यासाठी पानशेत आणि तोरणमाळ इथल्या प्रयोगांचे दाखले दिले गेले. प्रस्तावामागचा तर्क समजण्यासारखा आहे: पाच मुलांच्या शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत आणि दोन शिक्षकांवर चार इयत्तांचा भार पडतो. पण डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांत, जिथे पावसाळ्यात पऱ्ह्या भरला की रस्ता तुटतो, तिथे सहा-सात वर्षांचे मूल रोज गाडीने कुठेतरी नेणे हे कागदावर दिसते तितके सोपे नाही. वाडीतली शाळा बंद झाली की उरलेली दोन-तीन तरुण कुटुंबेही निघतात. मग पुढच्या मोजणीत पट नव्हताच असे सिद्ध होते.

वाढ सगळीकडे सारखी नसते आणि तिची कारणेही सारखी नसतात. नंदुरबार २५.७ टक्क्यांनी वाढला आणि ठाणे, पुणे, छत्रपती संभाजीनगरच्या पाठोपाठ त्याचे नाव यादीत आले, म्हणून तिथे उद्योगांची भरभराट झाली असे कोणी समजू नये. तो बहुसंख्य आदिवासी जिल्हा आहे. तिथली वाढ जन्मांतून आली आहे आणि तिथली माणसे मजुरीसाठी गुजरातकडे जातच असतात. वर्ध्यात उलट: कुटुंबे लहान झाली आणि शिकलेली मुले नागपूर-पुण्याकडे गेली. साताऱ्यातल्या जावळी-पाटणच्या घरांतली माणसे कित्येक पिढ्या मुंबई आणि नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून राबत आली आहेत; त्या जिल्ह्याची वाढ सात टक्क्यांच्याही आत राहिली. पिंपरी-चिंचवड शहर मात्र दहा वर्षांत १० लाखांवरून १७ लाखांवर गेले. त्याच पुणे जिल्ह्यात वेल्हे तालुका आहे, ज्याची सारी वस्ती २०११ मध्ये जेमतेम ५४ हजार होती. जिल्ह्याचा ३० टक्क्यांचा आकडा वेल्ह्यातल्या माणसाला काही सांगत नाही.

बीडचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. बीड जिल्हा त्या दशकात १९.६ टक्क्यांनी वाढला; राज्यापेक्षा जास्त. पण धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडात पाल ठोकून राहायचे. आता जनगणनेचा नियम पाहा. २०११ मध्ये प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या पूर्ण काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी नसेल त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची, असा नियम. ज्यांना घरच नाही त्यांना २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजायचे. ऊसतोड कामगार त्या काळात नेमका फडात असतो. नियमाप्रमाणे तो कारखान्याच्या तालुक्यात मोजला जायला हवा. पण उसाच्या फडाकडेची पाले गावठाणाच्या नकाशात नसतात, ती दर पंधरवड्याला हलतात आणि पालातली माणसे पहाटे चारला तोडीला गेलेली असतात. प्रगणक तिथे पोचला तर त्यांची डोकी कोल्हापूर-सांगलीच्या खात्यात. नाही पोचला तर कुठेच नाहीत. पावसाळ्याचे सहा महिने या माणसांना रेशन, दवाखाना आणि मुलांची शाळा लागते ती बीडमध्ये. उरलेले सहा महिने लागते ती फडावर. जिल्ह्याच्या एका आकड्यात यातले काहीच मावत नाही. २०२७ ची संदर्भ तारीखही १ मार्चच आहे. त्यामुळे साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाची नोंद समोर ठेवून फडांच्या याद्या आधीपासून तयार कराव्या लागतील, आणि ते काम जिल्हाधिकारी कार्यालयांनी या हिवाळ्याआधीच हाती घ्यावे.

कोकणातही तारखेचा हाच पेच आहे. २०२७ चा शिमगा संदर्भ तारखेनंतर तीन आठवड्यांनी येतो. वाडी माणसांनी भरेल तेव्हा मोजणी संपलेली असेल. नोंद अर्थात चाकरमान्यांच्या मुंबई-ठाण्याच्या पत्त्यावरच व्हायला हवी, त्यात गैर काही नाही. पण वर्षातले दीड-दोन महिने ज्या गावाला तिप्पट माणसांचे पाणी, कचरा आणि रस्ते सांभाळावे लागतात, त्या ग्रामपंचायतीच्या अनुदानात याचा मागमूस नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाची राज्यांत वाटणी करताना ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिला. अशा सूत्रात विरळ वस्तीच्या भागाला मिळणारा दिलासा तुटपुंजाच राहतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून १३ हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहेत, गोव्याच्या साडेतीनपटीहून जास्त. तेवढे रस्ते, तेवढ्या साकवांची दुरुस्ती, तेवढ्या नळयोजना माणसे गेली म्हणून कमी होत नाहीत.

राजकीय वजनाचेही असेच. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची फेररचना २००८ मध्ये अमलात आली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या विधानसभेच्या ११ जागांच्या ८ झाल्या. संगमेश्वर, खेड, मालवण, वेंगुर्ले, देवगड ही मतदारसंघांची नावे नकाशावरून गेली. लोकसभेचा राजापूर मतदारसंघही गेला, ज्याने बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांना दिल्लीला पाठवले होते. मुंबई शहर १७ वरून १० वर आले, विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या आणि जुना ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला. एक माणूस, एक मत या तत्त्वाने हे योग्यच आहे. बदलापूरच्या मतदाराचे मत देवगडच्या मतदाराच्या निम्म्या किमतीचे असावे असे कोणी म्हणणार नाही. राज्यघटनेतील तरतुदीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत एकूण जागा गोठवलेल्या आहेत. ती मुदत संपल्यावर पुढची फेररचना याच दिशेने आणखी पुढे जाईल. म्हणूनच आमदारांच्या संख्येतून जे घटणार ते निधीच्या सूत्रातून सावरले जायला हवे. एरवी ज्या जिल्ह्याची माणसे गेली त्याचा आवाजही जाईल आणि पैसाही.

तुंबलेल्या बाजूचे हाल कमी नाहीत, हेही त्याच ठामपणे सांगितले पाहिजे. ठाणे-पालघरच्या शहरांना या मोजणीने उलट्या बाजूने नाडले आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती २०११ च्या आकड्यांवर बसवलेली आहे. त्यानंतर विरार-नालासोपारा, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, पिंपरी-चिंचवड इथे आलेल्या कुटुंबांना शिधापत्रिका मिळाली तरी धान्याचा कोटा मिळेलच असे नाही. कारण कोणाचे तरी नाव कमी झाल्याशिवाय नवे नाव चढत नाही. पाण्याची परवड तर रोजचीच. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातात. देशात सर्वाधिक लोकसंख्येचा म्हणून गणला गेलेला ठाणे जिल्हा आतून असा आहे: खाडीकाठी माणसांची दाटी आणि डोंगराकडे कोरडे हंडे.

हे सारे आपल्या नियोजनाच्या नजरेतून निसटते याचे एक कारण आपण असमतोल मोजायला घेतलेले माप आहे. दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत महाराष्ट्राने अनुशेषावर जेवढे काम केले तेवढे फार थोड्या राज्यांनी केले असेल. विदर्भ आणि मराठवाड्याच्या हक्काची भाषा त्या कामातून घडली, हे त्याचे श्रेय आहे. पण वैधानिक विकास मंडळांची रचना तीन तुकड्यांची होती: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. या ‘उर्वरित’मध्ये मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या पंगतीला रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि नंदुरबार बसवले गेले. पुण्याच्या कारखान्यांचे उत्पन्न आणि मुंबईच्या बँकांचे व्यवहार ज्या सरासरीत मिसळतात, तिथे दापोलीच्या वाडीचा आणि धडगावच्या पाड्याचा अनुशेष दिसणार कसा? कोकणासाठी स्वतंत्र मंडळाची मागणी याच जाणिवेतून झाली. पुढे त्या तीन मंडळांचीही मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

इथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. केंद्राकडून राज्यांना करांचा वाटा देताना पंधराव्या वित्त आयोगाने प्रजनन दर खाली आणणाऱ्या राज्यांसाठी साडेबारा टक्क्यांचा वेगळा निकष ठेवला. लोकसंख्या आवरली म्हणून दंड होऊ नये, हा युक्तिवाद दक्षिणेतल्या राज्यांनी लावून धरला आणि तो अंशतः मान्य झाला. महाराष्ट्राच्या आत जिल्ह्यांना निधी देताना हीच न्यायबुद्धी का लागू होऊ नये? राज्य वित्त आयोगाने आपल्या सूत्रात साठीच्या वरच्या लोकसंख्येचे प्रमाण, वस्तीची विरळता आणि हंगामी स्थलांतर यांना ठरावीक वजन द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येचा निकष आहे. म्हणजे अंतराचा विचार करावा लागतो हे तत्त्व आपण आधीच मान्य केले आहे. त्यात आता वयाचा विचार जोडावा. हजार तरुणांच्या गावापेक्षा चारशे म्हाताऱ्यांच्या गावाला दवाखाना जास्त लागतो, आणि तो पायी जाण्याच्या अंतरावर लागतो.

हा प्रश्न किती रोकडा आहे हे सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना विचारावे. गंभीर दुखणे म्हटले की वर्षानुवर्षे तिथली माणसे गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात आली. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला. पण मूळ प्रश्न असा होता की साडेआठ लाखांच्या जिल्ह्याला दुसऱ्या राज्याच्या दारात का उभे राहावे लागत होते. आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. तिथल्या शिक्षकांच्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या जागा भरलेल्या राहतील हे पाहणे कोकणाच्या भवितव्यासाठी एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या घोषणेपेक्षा मोलाचे आहे.

इतर राज्यांनी हा प्रश्न उघडपणे हाताळायला सुरुवात केली आहे. २०११ मध्ये केरळात पत्तनंतिट्टा आणि इडुक्की, उत्तराखंडात पौडी गढवाल आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. उत्तराखंडने २०१७ मध्ये खास पलायन आयोग नेमला. कोणत्या गावातून किती माणसे गेली, कुठे गेली, का गेली, परत कोण आले, याची गावनिहाय पाहणी त्या आयोगाने केली. त्याने डोंगरातली गावे लगेच भरली असे नाही. पण सरकारला निदान कळले की एकाच जिल्ह्यात कोणत्या पट्टीत शाळा टिकवायची आणि कोणत्या पट्टीत वृद्धांसाठी फिरता दवाखाना पाठवायचा. लोकसंख्या घटलेले जिल्हे आणि ऊसतोडीचे मोठे हंगामी स्थलांतर दोन्ही पोटात असलेल्या महाराष्ट्राकडे अशी कायमस्वरूपी यंत्रणा नाही.

ती उभी राहीपर्यंत निदान आगामी जनगणनेचा पुरेपूर उपयोग व्हावा. स्थलांतराचे प्रश्न जनगणनेच्या अर्जात आधीपासून आहेत: जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होतात, इथे किती वर्षे आहात, का आलात. अडचण अशी की २०११ चे स्थलांतराचे सविस्तर तक्ते बाहेर पडायलाच अनेक वर्षे लागली आणि तोवर त्यांवर योजना आखण्याची वेळ निघून गेली होती. आता गणना डिजिटल होणार आहे, तेव्हा हा उशीर पुन्हा होण्याचे कारण नाही. राज्य सरकारने केंद्राकडे तालुकानिहाय स्थलांतराचे तक्ते वर्षभरात मिळावेत अशी मागणी आत्ताच लेखी नोंदवावी. घरयादीत रिकाम्या म्हणून नोंदलेल्या घरांची ग्रामपंचायतनिहाय संख्या वेगळी काढून घ्यावी. आणि ती हाती येईपर्यंत वीसपेक्षा कमी पटाच्या एकाही शाळेबाबत अंतिम निर्णय घेऊ नये.